लाल दुपट्ट्याची केस

ती घटना आठवली की आजही माझी मान खाली जाते. तसं पाहिलं तर त्या केसमध्ये माझ्या हातून काही चुकलं नव्हतं. तपास व्यवस्थित झाला, सर्कल इन्स्पेक्टर साहेबांनी पाठ थोपटली, मॅजिस्ट्रेटने निकालपत्रात आमच्या ठाण्याबद्दल दोन बरे शब्द लिहिले. दरोड्यांच्या आणि खुनांच्या गोष्टी मी घरात रंगवून रंगवून सांगत आलो. ही एक मात्र कधी कुणाला सांगितली नाही. आता वय झालं, म्हणून कागदावर उतरवतो. नाव कुणाचंही लिहिणार नाही, कारण त्या घरची माणसं अजून त्याच गावात राहतात.

वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेलं होतं. मी सब-इन्स्पेक्टर होतो आणि अमरावतीपासून बैलगाडीने अर्ध्या दिवसाच्या अंतरावर असलेलं एक ठाणं माझ्याकडे होतं. लोक ठाणेदार म्हणत. आमचं मूळ घर अकोल्याकडचं. काळी जमीन, कापूस आणि ज्वारी. या ठाण्याच्या हद्दीत मात्र संत्र्याचे बगीचेच बगीचे. कापसाच्या चोऱ्या कशा होतात ते मला जन्मापासून ठाऊक, पण संत्र्यावाल्यांच्या रीतीभातींत मी अगदी नवखा होतो. हे सांगून ठेवतो, कारण पुढे त्याचाच संबंध येतो.

एका सकाळी हजेरी घेऊन मी रोजनामचा लिहायला बसलो होतो. तेवढ्यात फाटकाशी मोटार थांबली. त्या काळी मोटार दिसली की पहाऱ्यावरचा शिपाई आधी टोपी सारखी करी. मोटारीतून एका मोठ्या बगीच्याचे मालक उतरले. माणूस भारदस्त, बोलणं गोड. म्हणाले, "ठाणेदारसाहेब, बारीकशी तक्रार आहे. आमच्या रखवालदाराच्या पोरानं बगीच्यातल्या झोपडीत ठेवलेली आमची दारू चोरून ढोसली. आता सिव्हिल दवाखान्यात पडला आहे. उद्या डॉक्टरचा कागद येईल, तर तुम्हाला आधीच कल्पना असावी."

पोलिसांत काही वर्षं काढली की एक गोष्ट कळते. बारीकशा चोरीसाठी बडा माणूस स्वतः ठाण्यात येत नाही, मुनीम पाठवतो. स्वतः आला की समजावं, चोरी बारीक नाही, किंवा मुळात चोरीच नाही. मी तक्रार लिहून घेतली. त्यांच्यासाठी चहा मागवला, तो त्यांनी न पिताच ठेवला.

पोराचं तेरावं वर्ष चालू होतं. तक्रार खरी ठरली असती तर त्याचं काय झालं असतं, तेही सांगतो. एवढ्या लहान पोराला तुरुंगात घालत नसत. चोरी शाबीत झाली की वेताचे फटके देण्याची शिक्षा होती. ते फटके मी एकदा पाहिले होते. पाठीवरचे वळ जातात, पण त्यानंतर गावात कुणाचं काही हरवलं की आधी त्याच पोराच्या घरी माणसं जातात. ते नाव जन्मभर पुसलं जात नाही.

दुपारी त्या पोराची आई आली. बगीच्याच्या कडेने झेंडू आणि शेवंती लावायची, अमरावतीच्या बाजारात नेऊन विकायची, असा तिचा धंदा. फुलांची टोपली डोक्यावर तशीच होती. खुर्ची दिली तर बसली नाही, टोपली मात्र माझ्या टेबलावरच ठेवली. जमादार तिच्यावर खेकसणार होता, मी त्याला थांबवलं.

"सायेब, माया पोट्टा चोर नाई," ती म्हणाली. "तिकडं दवाखान्यात पडेल हाय, अन् इकडं गावभर चोर-चोर व्हऊन राह्यलं. मांगच्या साली कौंडण्यपुराच्या जत्रेत त्याले एका लेकराचा चांदीचा करदोडा सापडला व्हता. ज्याचा त्याले मिळेपर्यंत तो तठून हालला नाई. जत्रा पाह्याची तशीच राह्यली त्याची. असा पोट्टा चोरी करन?"

"मग दारू त्याच्या पोटात गेली कशी, बाई?"

"थेच तं मी तुमाले इचारून राह्यली! कोनं पाजली त्याले? थ्याचं नाव काढा. तो मालक असो का मालकाचा बाप असो. माया लेकराच्या तोंडाले ज्यानं दारू लावली त्याले मले एकदा पाहू द्या."

घरधनी काय म्हणतो असं मी विचारलं. "थो काईच बोलत नाई. त्या दिसापासून जेवला बी नाई नीट. मालकाले भेत असंल."

बाईच्या बोलण्यात खोट नव्हती. मी तिला शब्द दिला, "ज्यानं पाजली त्याला शोधून काढीन." तिने टोपली उचलली, जाताना मूठभर शेवंती माझ्या टेबलावर ठेवली. असले शब्द आम्ही पोलीस उठता-बसता देतो. हा शब्द दिला नसता तर बरं झालं असतं, असं पुढे मला वाटलं.

दुसऱ्या दिवशी अमरावतीला दवाखान्यात गेलो. पोराला शुद्ध आली होती, पण आवाज बसला होता आणि हात थरथरत होते. डॉक्टर म्हणाले, थोडी आणखी पोटात गेली असती तर हा वाचला नसता. बाप खाटेच्या पायथ्याशी उकिडवा बसला होता. मी पोराला विचारलं. त्याने छताकडे पाहत उत्तर दिलं, "मीच चोरून पेलो."

"किती प्यायलास?"

"मीच चोरून पेलो."

तीन वेगवेगळे प्रश्न विचारले, उत्तर एकच. शाळेत पाठ म्हणावा तसं. मी बापाकडे पाहिलं. तो स्वतःच्या पायांच्या अंगठ्यांकडे पाहत होता. भीतीने खोटं बोलणारा माणूस आपल्याकडे टक लावून बघतो, आपल्याला पटलं का ते त्याला हवं असतं. लाजेने खोटं बोलणारा खाली बघतो. मला तेव्हाच कळायला हवं होतं, पण मी समजलो की मालकाच्या धाकाने बसला आहे.

दवाखान्याच्या माणसाने पोराचे कपडे गाठोड्यात बांधून ठेवले होते. ते मी पाहायला मागितले. मळकी बंडी, धोतराचा तुकडा आणि एक कोरा लाल दुपट्टा. घडीची खूण अजून त्यावर होती, एका टोकाला गुलाल लागलेला होता.

"हा कोणाचा रे?" मी विचारलं. पोराने बापाकडे पाहिलं. बाप पुढे सरकून म्हणाला, "माया हाय, सायेब." आणि दुपट्टा घ्यायला त्याने हात लांब केला. तेव्हा माझी नजर त्याच्या खांद्यावर गेली. तिथे तसाच लाल दुपट्टा होता, धुऊन धुऊन विटलेला. गरीब माणूस खांद्यावर जुना दुपट्टा ठेवून कोरा पोराच्या गाठोड्यात कशाला ठेवेल? मी तो पंचांसमक्ष जप्त केला. कशासाठी करतो आहे ते मलाही नीट ठाऊक नव्हतं.

तिथून बगीच्यात गेलो. तोडा संपला होता. संत्रा उतरवण्याच्या कामाला तिकडे तोडा म्हणतात. झाडं मोकळी दिसत होती, शिड्या आडव्या घालून ठेवल्या होत्या. शेवटच्या झाडाचा तोडा झाला की मालक दुपारी मजुरांना मटणाचं जेवण घालतो, अशी पद्धत. त्या जेवणाच्या दिवशीच हे घडलं होतं. मी एकेका मजुराला बाजूला बोलावून विचारलं. सगळ्यांचं म्हणणं एक: "पोट्ट्यानं झोपडीतून चोरून पेली, आमी पाह्यली नाई." दहा माणसांनी एखादी गोष्ट खरोखर पाहिली असेल तर ती दहा तऱ्हांनी सांगतात, आपसात भांडतातही. इथे तर एकही शब्द इकडचा तिकडे होत नव्हता.

आणि एक गोष्ट मला दिसली. शिडीवर चढून तोडा करणाऱ्या प्रत्येक माणसाच्या खांद्यावर वा डोक्याला तसाच लाल दुपट्टा होता. कुणाचा जुना, कुणाचा त्याहून जुना. टोपल्या वाहणाऱ्या पोरांजवळ मात्र एकाच्याही नाही.

घोड्यांवरून परतताना मी आमच्या जमादाराला विचारलं. तो मोर्शीकडचा, बगीच्यांतच वाढलेला. तो हसला. "सायेब, थो तं शिडीचा दुपट्टा!"

"शिडीचा म्हणजे?"

"पोट्टा लहान असला का टोपल्या वाह्यते. अंगात दम आला का मंग शिडीवर चढते. ज्या साली चढला, त्या साली तोड्याच्या जेवनात मालक त्याच्या डोक्याले लाल दुपट्टा बांधते. अन् पयली दारू पाजतेत. मंग थो पोट्टा राह्यला नाई, गडी झाला. पुढच्या तोड्याले त्याले गड्याचा रोज."

मी घोडा थांबवला. "आणि हे तू मला आत्ता सांगतोस?"

त्याला खरंच नवल वाटलं. "तुमी इचारलं नाई. अन् त्याच्यात काय सांगाचं? मले बी तशीच पाजली व्हती."

त्याचं चुकलं असं मी म्हणत नाही. गावात सगळेच करतात ते माणसाला गुन्हा म्हणून दिसतच नाही. पण आता चोरीची गोष्ट उघडी पडली होती. ज्याच्या डोक्याला मालकाने सगळ्यांदेखत मानाचा दुपट्टा बांधला, त्याला दारू चोरण्याची गरजच काय? मला भलता आनंद झाला. त्या बाईला दिलेला शब्द पुरा होणार होता. मी जमादाराला म्हटलं, "म्हणजे पोराला मालकानेच पाजली. सापडला!"

जमादाराने घोडा पुढे काढला. बरंच अंतर गेल्यावर हलकेच म्हणाला, "दुपट्टा मालक बांधते, सायेब. दारू बाप पाजते. पोट्ट्यानं ओंजळ धराची अन् बापानं वताची. दुसऱ्याच्या हातची चालत नाई."

मी घोड्याला टाच मारली आणि ठाण्याकडे निघालो.

दारू आली कुठून हे शोधणं सोपं गेलं. अबकारी दारोग्याला सोबत घेऊन सरकारी भट्टीवर गेलो. भट्टीवाला सहज बोलून गेला. मालकाकडून निरोप येई, रखवालदाराचं पोरगं डबा घेऊन येई, हा भरून देई. त्या वेळच्या अबकारी कायद्यात ठेकेदाराने अल्पवयीन पोराच्या हातात दारू द्यायची नाही, पिण्यासाठी नाही आणि दुसऱ्यासाठी न्यायलाही नाही, अशी स्पष्ट अट होती. परवान्यावरच ती छापलेली असे आणि परवाना भट्टीवाल्याच्या डोक्यावर खिळ्याला टांगलेला होता. म्हणजे जी दारू त्या पोराला पाजली, ती त्यानेच डोक्यावर वाहून आणली होती.

मग बापाला ठाण्यात बोलावलं. जमादाराने विचारलं, जरा हात दाखवू का? मी नको म्हटलं. माराने माणूस बोलतो, पण आपल्याला हवं ते बोलतो. मी त्याला ओसरीवर बसू दिलं आणि माझी कामं करत राहिलो. ठाण्यात माणसाला सगळ्यात जड जातं ते नुसतं बसून राहणं. नंतर आत बोलावून दोन्ही गोष्टी टेबलावर ठेवल्या, त्याच्या खांद्यावरचा दुपट्टा आणि पोराचा.

"हा तुझ्या डोक्याला बांधला तेव्हा तुझ्या बापाने पाजली होती ना?"

त्याने होकारार्थी मान हलवली.

"आणि हा बांधला तेव्हा?"

तो बराच वेळ दुपट्ट्याच्या काठावरून अंगठा फिरवत राहिला. मग बोलला. त्याचं बोलणं मी जसंच्या तसं देतो, कारण माझ्या शब्दांत ते मला सांगवत नाही.

"एकच ओंजळ रायते, सायेब. ओठ वले कराचे, झालं. पन त्या दिशी मालकाचे पावने आले व्हते अमरावतीहून. बगीच्याचा माल घेतलेले व्यापारी, एक वकील. खाटेवर बसून पाहून राह्यले व्हते. एक जन मने, एका ओंजळीत कुठी गडी व्हते का? अजून वत. सारे हासले. मालक मने, वत रे. मी वतली. पोट्टा पेला. मंग मने, अजून. पोट्ट्याच्या डोयातून पानी येऊन राह्यलं व्हतं, पन थो माह्याकडं पाहून ओंजळ धरे. पावने टाया वाजवून राह्यले व्हते. मने, वा, रखवालदाराचा पोट्टा जबर हाय!" इथे त्याने दुपट्टा बाजूला सारला. "सायेब, मले कोनी कदी वा नाई मनलं. मले चांगलं वाटून राह्यलं व्हतं. मी वततच गेलो."

माझा लेखणीचा हात थांबला. शेजारी बसलेल्या ठाण्याच्या मुन्शीने खिडकीबाहेर तोंड फिरवलं. त्या खोलीत आम्ही तिघं बाप माणसं होतो आणि कुणालाच कुणाकडे पाहवत नव्हतं.

पोरगा पडल्यावर पाहुणे मोटारीत बसून निघून गेले. मालकाने मजुरांना ताकीद दिली, चोरीची गोष्ट ठरवून दिली. आणि बापाने ती कबूल केली. मला याचाच राग आला. मी म्हटलं, "पोराच्या पाठीवर वेत बसले असते. चोर ठरला असता तो. आणि तू ते चालवून घेतलं?"

त्याने हात जोडले. "मले आत टाका. मी चोरली दारू, असं लिवा. डबा मीच चोरला, पोट्ट्यानं चुकून पेला. मी अंगठा देतो. पन मी वतली असं त्याच्या मायले नका सांगू."

नोकरीत शेकडो आरोपी पाहिले. चोरी नाकबूल करणारे सगळेच. न केलेली चोरी अंगावर घ्यायला तयार झालेला हा एकच. चोर म्हणून तुरुंगात जाणं त्याला चालणार होतं, पण बायकोसमोर उभं राहणं नको होतं.

मी खोटं लिहिणार नाही म्हणून सांगितलं. हेही सांगितलं की पोलिसांपुढे दिलेली कबुली कोर्टात धरत नाहीत, जे बोलायचं ते तुला मॅजिस्ट्रेटसमोर बोलावं लागेल, आणि बायकोला तुझं तूच सांग. तो बाहेर गेला. ती कडुनिंबाखाली फुलांची टोपली घेऊन बसली होती. तो तिच्याजवळ बसला. मी खिडकीतून पाहत होतो. दोघं बसून राहिली, तो काही बोलला नाही. शेवटी त्याने टोपली आपल्या डोक्यावर घेतली आणि ती दोघं गावाकडे निघाली.

चोरीची तक्रार खोटी आहे असा माझा अहवाल गेला, पण मालक स्वस्थ बसले नाहीत. त्यांच्या वकिलाने थेट कोर्टात फिर्याद घातली. मजूर फिरणार नव्हते. पोलिसांतर्फे खटले चालवणारे कोर्ट इन्स्पेक्टर मला म्हणाले, "भट्टीवाल्याला अबकारी कायदा आहे. घरी जेवण घालणाऱ्याने पोरांना दारू पाजली तर त्याला सरळ असं कलमच नाही. बेपर्वाईने पोराचा जीव धोक्यात घातला, असं लावता येईल. पण पाजताना पाहिलं म्हणणारा साक्षीदार कुठे आहे तुझ्याकडे?" माझ्याकडे होता तो एकच, आणि त्याच्या तोंडाला कुलूप होतं.

सुनावणीच्या दिवशी पोरगा अमरावतीच्या कोर्टात आरोपी म्हणून उभा राहिला. कठड्यावरून त्याचं डोकं जेमतेम वर येत होतं. आई भिंतीशी उभी, बाप दाराशी. मॅजिस्ट्रेट वयस्क होते, मराठी चांगलं बोलायचे. त्यांनी सौम्यपणे विचारलं, "बाळ, तू दारू चोरलीस का?"

"व्हय. मीच चोरून पेलो."

आईच्या तोंडून शब्द फुटला, "काहून खोटं बोलतं रे बाप्पा!" शिपायाने तिला गप्प केलं. मॅजिस्ट्रेटने लिहायला लेखणी उचलली. मी बापाकडे पाहिलं. मला वाटलं, हा आता निघून जाणार. त्याने दाराच्या चौकटीला हात लावला आणि म्हणाला, "सायेब, पोट्टा खोटं बोलून राह्यला."

सगळे वळले. मॅजिस्ट्रेटने त्याला पुढे बोलावलं. तू जे बोलशील ते तुझ्याविरुद्ध वापरलं जाऊ शकतं, अशी दोनदा समज दिली. त्याने खांद्यावरचा विटका दुपट्टा काढला, घडी केली, जमिनीवर ठेवला.

"त्यानं नाई चोरली. मी वतली. माह्या हातानं. हासत-हासत वतली."

शेवटचे दोन शब्द त्याला कुणी विचारले नव्हते. ते बोलला नसता तरी कायद्याचं भागलं असतं. मी त्या बाईकडे पाहायचं टाळलं, पण पाहिलं गेलंच. ती नवऱ्याकडे बघत नव्हती. पोराच्या लहानशा हातांकडे बघत होती.

चोरीची फिर्याद तिथेच निकालात निघाली. मी बाहेर आलो तर ती वडाखाली उभी. मी जवळ गेलो.

"माया पोट्टा चोर नाई, हे लिवलं न कोर्टानं?" तिने विचारलं.

"लिहिलं, बाई."

"मंग झालं." पदर सावरत म्हणाली, "शोधाले मीच लावलं तुमाले. मले वाटलं, भाईरचा कोनी असंल."

मग पोराला हाक मारून ती गावाच्या वाटेला लागली.

बापाच्या जबानीनंतर दोन मजूरही खरं बोलले, आणि मालक, भट्टीवाला व बाप यांच्यावर खटला उभा राहिला. निकाल लागला तेव्हा मालकाला दंड आणि साधी कैद झाली. अपिलात कैद गेली, पण मोटारीतून फिरणाऱ्या माणसाला आरोपीच्या पिंजऱ्यात सगळ्या शहराने पाहिलं होतं. भट्टीवाल्याला दंड झाला आणि परवाना रद्द झाला. टाळ्या वाजवणाऱ्या पाहुण्यांना काहीच झालं नाही. त्यांना लावायला कलमच नव्हतं. "अजून वत" म्हणणं हा गुन्हा ठरवण्याइतकं कोर्ट इन्स्पेक्टरांच्याही हाती काही लागेना. त्यातला वकील तर त्याच आवारात रोज वावरत होता, मला पाहून हसून नमस्कार करायचा.

बापाने गुन्हा कबूल केला होता. त्याला कोर्ट उठेपर्यंत कैदेची शिक्षा झाली. म्हणजे त्या दिवसाचं काम संपेपर्यंत कोर्टाच्या खोलीत बसून राहायचं. पुष्कळ आरोपी ही शिक्षा ऐकून हसतात, सुटलो म्हणतात. हा कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून बसला. दुपारी पोरगा आत आला आणि त्याच्या शेजारी जाऊन बसला. शिपाई हुसकायला निघाला, मी त्याला खुणेने थांबवलं. मी पोराला हळूच विचारलं, "तू खोटं का बोलत होतास रे इतके दिवस?"

त्याला तो प्रश्नच कळला नाही. "बाबा त्या दिशी किती खुश व्हता, सायेब," तो म्हणाला. "थ्याचं नाव कसं सांगू?"

बापाने ते ऐकलं. त्याची पाठ हलली, पण तोंड भिंतीकडेच राहिलं.

संध्याकाळी कोर्ट उठलं. मॅजिस्ट्रेट गेले, कारकुनांनी गठ्ठे बांधले. शिपाई येऊन म्हणाला, "चल, सुटला तू. शिक्षा संपली."

तो उठेना. म्हणाला, "माई नाई संपली."

दारात त्याची बायको उभी होती. फडक्यात बांधलेली भाकर तिने त्याच्यासमोर ठेवली. इतका वेळ ती त्याच्याशी बोलली नव्हती, आणि आताही जे बोलली ते त्याच्याकडे न पाहताच. "खा. घरी जाचं हाय." त्याने फडकं सोडलं, तुकडा मोडला, तो हातातच राहिला. पोराने दुसरा तुकडा मोडून खायला सुरुवात केली. थोड्या वेळाने ती तिघं माझ्यासमोरून गेली. टोपली या वेळी तिच्याच डोक्यावर होती. तो घ्यायला गेला, तिने दिली नाही.

पुढे माझी बदली अकोल्याला झाली, तिथेच मी निवृत्त झालो. या केसने काय शिकवलं असं कुणी विचारलं तर सांगतो, की लहान पोराला दारू पाजणारा माणूस बहुधा दुष्ट नसतो. तो जवळचा असतो, आनंदात असतो, आणि त्याच्याभोवती हसणारी माणसं असतात. कायदा पाजणाऱ्या हातापर्यंत पोचतो. हसणाऱ्यांपर्यंत पोचत नाही.

लग्नकार्यात, जेवणावळीत आजही कुणीतरी एखाद्या पोरापुढे पेला धरतो, "घे रे, मोठा झाला आता" म्हणतो आणि सगळे हसतात. मी उठून पेल्यावर हात आडवा धरतो. लोकांना वाटतं, म्हातारा ठाणेदार अजून वर्दीतच आहे. वाटू दे. त्यांना मी खरं कारण सांगत नाही. त्या दुपारी त्या बगीच्यात पाहुणा म्हणून मलाही खाट मिळाली असती, तर मी हात आडवा धरला असता की टाळ्या वाजवल्या असत्या? याचं उत्तर मला माहीत आहे, आणि म्हणूनच ती घटना आठवली की मान खाली जाते.